मंगळवारी गाव रिकामं असतं

१

मोटारसायकलवाल्यांच्या रॅलीच्या गर्दीत सापडायचं नसेल तर मंगळवारी दुपारी पोचायचं, हे गणित सीटवाल्याने फार वर्षांपूर्वीच पक्कं करून ठेवलं होतं. रॅली रविवारी संपते. सोमवारी सकाळी शहाणे निघतात, दुपारी रेंगाळणारे निघतात, आणि ज्यांची गाडी सुरूच होत नाही ते दिवेलागणीपर्यंत मेकॅनिकच्या डोक्यावर बसून राहतात. मंगळवारी मात्र तळ्याकाठच्या त्या गावात टायरचे काळे ओरखडे आणि तंबूंच्या खुणा सोडल्या तर काही उरत नाही. लॉज रिकामे, चहावाला निवांत, घाटात समोरून फारशा गाड्या नाहीत. गुरुवारी लॉजवाले दमून दारं लावून घेतात, म्हणून बुधवारी सकाळी परत निघायचं. एवढ्या फटीतून तो दरवर्षी आपली मोटारसायकल आणि आपली बायको अलगद नेऊन आणायचा.

मोटारसायकलींच्या सीट शिवण्याचं त्याचं दुकान होतं, म्हणून सगळा बाजार त्याला सीटवालाच म्हणायचा. अर्ध्या रॅलीची बुडं त्याने शिवलेल्या सीटवर टेकत असत, आणि या गृहस्थाने रॅली एकदाही पाहिली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचा, गर्दीत इंजिन तापतं, क्लच जळतो, कोणाचा धक्का लागेल सांगता येत नाही. ऐकणाऱ्याला पटायचं. पण खरं कारण क्लच नव्हता, बायको होती.

बायको केस कापायची. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला तिचं छोटंसं दुकान होतं आणि तिथे सकाळपासून बायका-पुरुषांची रीघ. माणसं तिच्या खुर्चीत बसली की घरातलं सगळं ओकायची, आणि ती खळखळून हसायची. लग्नकार्यात हा बसायला खुर्ची शोधेपर्यंत तिकडे तिची कोणा अनोळखी माणसाशी गट्टी जमलेली असायची. ते सगळं त्याने एकवेळ सोसलं असतं. पण काम संपलं की ती गिऱ्हाइकाचं डोकं दोन बोटांनी पुढे झुकवायची आणि मानेवरचे बारीक केस ब्रशने न झटकता हलकी फुंकर मारून उडवायची. समोरच्या पानाच्या टपरीआड उभं राहून त्याने ती फुंकर कितीदा तरी पाहिली होती, आणि दर वेळी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याच्या मोठ्या बहिणीला भावाचं हे दुखणं ठाऊक होतं. ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तिला कोणी पळवून नेत नाहीये रे. तूच एक दिवस पळवून लावशील."

गेल्या वर्षी तर त्याने कहर केला. गाडीच्या मागच्या सीटचा फोम त्याने असा कापला की तिला पुढे उतार आला. बसणारा कितीही मागे सरकला तरी घसरून चालवणाऱ्याच्या पाठीला चिकटणार. ती कुरकुरली, सारखी घसरते म्हणाली. तो म्हणाला, फोम बसला की ठीक होईल. फोम बसणार नाही अशा बेताने त्याने तो कापला होता.

या वर्षी रॅलीच्या आधी ती म्हणाली, "या वेळी शनिवारी जाऊ या. एकदाच. मला ती गर्दी बघायचीये."

"कशाला? नुसती गर्दी असते," तो म्हणाला.

ती "बरं" म्हणाली. शनिवारी तिचं डोकं दुखायला लागलं. पडदे ओढून ती भिंतीकडे तोंड करून पडली ती रविवार संपेपर्यंत. तो मधूनमधून दार ढकलून बघायचा. पाठ दिसायची, उशीवर केस दिसायचे. उशाशी ठेवलेल्या चहावर साय धरायची आणि तो कप उचलून दुसरा ठेवायचा. बायको आजारी आहे याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर ते दोन दिवस त्याचा जीव अगदी थाऱ्यावर होता.

२

मंगळवारी घाट चढताना सगळं त्याच्या गणिताप्रमाणे होतं. ऊन सौम्य, रस्ता मोकळा. रेंगाळलेले दोघेचौघे तेवढे समोरून खाली उतरत होते.

मोटारसायकलवाल्यांची एक रीत असते. वाटेत समोरून दुसरा मोटारसायकलवाला आला की डावा हात खाली सोडायचा आणि दोन बोटं रस्त्याकडे दाखवायची. ओळख असो वा नसो, तो नमस्कारच. सीटवाल्याने तो कधी कोणाला केला नाही. मागे बसलेली बायको मात्र दोघांच्या वतीने करायची. तिचा हात बाहेर निघाला की वारा जरा वेगळा लागायचा, त्यावरून त्याला न बघता कळायचं. आजही कळत होतं. फक्त आज एक जण तिचा नमस्कार घेऊन पुढे गेला, आणि आरशात दिसलं की त्याने गाडी थांबवली आहे आणि वळून तो त्यांच्याकडे बघतो आहे. त्याचा एक हात मानेवर होता. मान अवघडली असेल, असं सीटवाल्याने ठरवून टाकलं.

दरवर्षीचा लॉज विकला गेला होता. म्हणून या वेळी तळ्याच्या काठाला, पूर्वी कधी न उतरलेल्या लॉजवर खोली सांगितली होती. तळ्याला पूर्ण वळसा घालणारा रस्ता लॉजच्या दारावरूनच जात होता. आत लॉजवाली बाई काउंटर पुसत होती. बायकोने हेल्मेट काढलं तशी ती थांबली आणि तिचा चेहरा खुलला.

"ताई! काही राहिलं का?" तिने विचारलं, आणि बोलता बोलता तिचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला. "बरं झालं, तुमची खोली अजून आवरली नाहीये. चादरसुद्धा तुमचीच आहे."

बायको हसून म्हणाली की तुमचा काहीतरी घोळ होतोय, आम्ही आत्ताच येतोय. लॉजवाली पण हसली, कोणी गंमत केली की हसतात तसं. मग तिची नजर सीटवाल्याकडे गेली.

"आणि यांना वेगळी खोली लागेल ना?"

"मी नवरा आहे हिचा," सीटवाला म्हणाला.

लॉजवालीने एकदा त्याच्याकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. मग किल्ली काढायला वळली, आणि सीटवाल्याला तिची मान दिसली. केस नुकतेच कापलेले होते. मानेवरची रेघ डावीकडून सुरू होऊन उजवीकडे कणभर वर चढली होती.

त्याची बायको डावखुरी होती. कितीही सांभाळलं तरी तिच्या हातची रेघ उजवीकडे तेवढी चढायचीच. बाजारात एखाद्याची पाठ दिसली तरी तो ओळखायचा की ही मान तिच्याकडे जाऊन आलेली आहे. त्याच्या स्वतःच्या मानेवर तीच रेघ होती.

३

वरची खोली खरंच आवरलेली नव्हती. पलंगावर दोन उशा, दोन्ही दबलेल्या आणि एकमेकींना टेकलेल्या. खिडकीतून तळं दिसत होतं. खिडकीशी, पाठ दाराकडे करून एक खुर्ची मांडली होती, आणि खुर्चीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली होती.

सीटवाल्याने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. डबा केसांनी भरलेला होता. काळे, पिकलेले, मेंदी लावलेले, कुरळे, राठ, एखाद्या मुलीचे असावेत असे मऊ. त्याने झाकण हळूच परत ठेवलं आणि हात पँटला पुसला.

बायको बोलत होती. काय छान हवा आहे, काय शांत आहे, असं काहीबाही. बोलता बोलता ती मागे सरकली आणि मागे वळूनही न बघता त्या खुर्चीत बसली. कुठे आहे ते ठाऊक असल्यासारखी.

त्याने विचारलं, तू इथे पूर्वी आली होतीस का. आवाज साधा ठेवायचा त्याने प्रयत्न केला. ती म्हणाली, कधी येणार, तुझ्याशिवाय मी कुठे जाते. तेही बरोबर होतं. तो मनाशी हिशेब मांडत बसला. इथे यायला पहाटेपासून दुपार होते आणि परत जायला तेवढाच वेळ. शनिवारी ती घरात होती, रविवारी घरात होती. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. लॉजवाली कोणा दुसरीलाच ही समजली असणार. जगात डावखुऱ्या बायका काय कमी आहेत, आणि त्यातल्या एकीने केस कापले तर त्यात आश्चर्य ते काय.

एवढं सगळं समजावूनही मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. स्वतःच्या डोळ्यांनी त्याने काय पाहिलं होतं? पाठ. उशीवरचे केस. चहा तर एकदाही प्यायलेला दिसला नव्हता.

४

ऊन उतरल्यावर ती म्हणाली, गावात चक्कर मारू. तो नको म्हणाला असता, पण तिला एकटी सोडणं त्याहून अवघड होतं. गाडी चहावाल्यापाशी लावून दोघं पायी निघाले.

झाडूवाले रस्ता झाडत होते. दुकानदार कमानी उतरवून पाट्या आत नेत होते. रिकामं गाव, अगदी त्याला हवं तसं. फक्त त्या रिकाम्या गावात जो जो माणूस पाठमोरा होता, त्याच्या मानेवर ती तिरपी रेघ होती. झाडूवाल्याच्या मानेवर होती. शिडीवर चढून तोरणाचे दिवे काढणाऱ्याच्या मानेवर होती. फळं विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर नावाला चार केस होते, पण मानेवरची रेघ झकास होती. आणि बायको जवळून गेली की एकेक जण वळायचा, ओळखीचं हसायचा आणि त्याचा हात मानेकडे जायचा. जणू तिथे आत्ताच कोणी फुंकर मारली होती.

सीटवाल्याला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी नुसता जळफळाट झाला. एवढ्या माना तिने हातात धरल्या, एवढी डोकी दोन बोटांनी पुढे झुकवली, आणि तेव्हा तो घरी थंड चहा उचलत होता.

चहावाल्याने न विचारता तिच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. सीटवाल्याला मात्र विचारलं, तुम्हाला कसा? शेजारच्या गॅरेजमधून एक आडदांड मेकॅनिक हात पुसत बाहेर आला आणि तिला बघून थेट समोर येऊन बसला.

"ताई, तुमचे ते कुठायत?" त्याने विचारलं. "काल तर दोघंही निघालात ना? काय माणूस आहे हो. हसून हसून पोट दुखलं आमचं."

सीटवाला म्हणाला, हिचा नवरा मी आहे. मेकॅनिकने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बांधा तसाच आहे म्हणा. गाडीही अगदी हीच. पण तो माणूस..." तो शब्द शोधत थांबला. "मोकळा होता."

सीटवाल्याला वाटलं, आता बायको याला झापेल. निदान दुपारसारखं घोळ होतोय म्हणेल. पण तिने कप खाली ठेवला आणि पुढे झुकून विचारलं, "काय काय केलं त्यांनी?"

मग मेकॅनिक रंगात आला. तो माणूस प्रत्येकाशी बोलायचा. बायको लॉजच्या खोलीत लोकांचे केस कापत होती तर हा जिन्यात रांग लावून देत होता, रांगेतल्यांना चहा पाजत होता. शनिवारी संध्याकाळी तळ्याकाठी वाजवणारे आले होते, तेव्हा तर सगळ्यांना घेऊन नाचला.

"नाचला?" बायको म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

"नाचला म्हणजे? तुम्हालाच उचलून घेतलं की."

ती हसली. तिच्या दुकानातून रस्त्यापलीकडे ऐकू यायचं ते हसणं. ते सीटवाल्याने आज कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं, आणि ते त्याच्यामुळे नव्हतं. त्याने तिचा दंड धरला आणि चल म्हणाला. तिने हात सोडवून घेतला नाही, पण उठलीही नाही.

"ऐकू दे ना," ती शांतपणे म्हणाली. "माझ्याबद्दलच चाललंय ना सगळं."

५

मेकॅनिक एकदम आठवल्यासारखं करून उठला. म्हणाला, तुमची एक वस्तू राहिलीये ताई. गॅरेजच्या मागच्या फळीवर रॅलीवाले विसरून गेलेल्या वस्तूंचा ढीग होता, हातमोजे, गॉगल, एक एकटा बूट. त्यातून त्याने एक मागची सीट ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. सीटला पुढे उतार होता.

"ताई घसरत होत्या हिच्यावरून," मेकॅनिक सांगत होता. "त्यांनी ते पाहिलं, गाडी थांबवली आणि इथे माझ्याच स्टुलावर बसून नवीन सीट शिवली. सपाट, मागे टेकायला उशीसुद्धा. काय हात होता. मी म्हटलं ही जुनी घेऊन जा, तर म्हणाले, कोणी मूर्खाने कापलीये, राहू दे इथेच."

सीटवाल्याने ती उलटी केली. खालची किनार हिरव्या दोऱ्याने शिवलेली होती. बाहेरून दिसत नाही अशा जागी तो बायकोच्या सीटला हिरवा दोरा वापरायचा. गिऱ्हाइकाच्या सीटला कधी नाही. डाव्या कोपऱ्यात दोन टाके एकमेकांवर चढले होते. गेल्या वर्षी तिथेच त्याची सुई मोडली होती.

तो उठून रस्त्याच्या कडेला लावलेल्या आपल्या गाडीकडे गेला. मागची सीट जागेवर होती. उताराची, त्यानेच कापलेली. वाकून त्याने बोट खालून फिरवलं. हिरवा दोरा होता. डाव्या कोपऱ्यात दोन टाके एकमेकांवर चढले होते. अशी सीट त्याने आयुष्यात एकच शिवली होती.

आणखी एक गोष्ट पाहायची होती. फोम लबाडी करत नाही, हे त्याला धंद्यात पहिल्याच वर्षी कळलं होतं. वर्षभर बसणाऱ्या माणसाचा खळगा त्यात उमटतोच, आणि कोणाचा खळगा ते शिवणारा सांगू शकतो. गॅरेजमधल्या सीटवर बायकोचा खळगा होता, जरा डावीकडे झुकलेला. तो त्याने टेबलावरच ओळखला होता. आता या सीटवर तळवा टेकवून दाबायचं तेवढं राहिलं होतं. त्याचा हात सीटच्या वर येऊन थांबला, आणि तिथूनच त्याने तो मागे घेतला.

६

दोघं खोलीत परत आले. खाली लॉजवाली भांडी लावत होती, तेवढाच आवाज. बायको खिडकीतल्या खुर्चीत बसून तळ्याकडे बघत होती. शेवटी त्याला राहवलं नाही.

"खरं सांग. आली होतीस ना?"

"मला वाटतं, आले होते," ती म्हणाली.

"कोणाबरोबर?"

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला प्रश्नाचंच नवल वाटत होतं. "तुझ्याबरोबर. दुसऱ्या कोणाबरोबर जाईन मी?"

"तो मी नव्हतो."

"हो," ती म्हणाली. "ते मात्र खरं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. इतकी वर्षं ज्या चोराला तो डोळ्यात तेल घालून शोधत होता, तो त्याच्याच रूपाचा निघाला होता, आता त्याची मान धरायची तरी कोणी. ती रात्र त्याने तिच्या शेजारी पडून काढली. तिच्या श्वासाकडे कान लावून. ती उशीवर जराही हलली नाही.

सकाळी जाग आली ती आवाजाने. दूर तळ्याच्या कडेने एक मोटारसायकल येत होती. तिच्या इंजिनात बारीक टकटक होती. ही टकटक त्याच्याच गाडीची, चार मेकॅनिकना दाखवूनही न गेलेली. तो उठून खिडकीकडे धावला. त्याची गाडी खाली लॉजच्या भिंतीशी उभी होती, सीटवर दव पडलेलं. टकटक कुठेतरी खाली, अगदी जवळ येऊन बंद पडली. रस्ता झाडाआड होता, दिसलं काहीच नाही.

बायको आधीच खिडकीशी उभी होती. तिचा डावा हात खाली सोडलेला होता, दोन बोटं जमिनीकडे.

"आपण निघतोय," तो म्हणाला. "आत्ता."

"दोन दिवस थांबू या ना," ती म्हणाली. आणि मग, फार हळू, "तुलाही आवडलं असतं रे."

त्याने बॅगा उचलल्या, जिना उतरला, काउंटरवर हिशेब चुकता केला. लॉजवाली त्याच्याशी नजर मिळवत नव्हती. बॅगा बांधताना ती टकटक पुन्हा सुरू झाली आणि तळ्याच्या उजव्या अंगाने लांब गेली. त्याने मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. पट्टे दोनदा आवळले. मग जिन्यावर पावलं वाजली आणि बायको बाहेर आली. हेल्मेट घातलेलं, काच खाली ओढलेली. एरवी ती बसली की त्याच्या खांद्यावर दोन थापा मारायची, म्हणजे चल. आज थाप पडली नाही. ती बसली आणि बसल्या बसल्या घसरून त्याच्या पाठीला चिकटली. त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे सांगायला हवं.

७

तो तळ्याच्या डाव्या अंगाने निघाला. घाटाचा फाटा पलीकडच्या काठाला होता, कुठूनही गेलं तरी वाट तेवढीच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी स्थिर होतं.

अर्धा वळसा होत आला असेल तेव्हा समोरून एक मोटारसायकल येताना दिसली. एकच. टाकीचा रंग त्याच्या टाकीचा. टकटक आधी त्याला आपल्याच इंजिनाची वाटली, मग दोन टकटकी ऐकू यायला लागल्या, आणि त्या एकमेकींच्या जवळ येत गेल्या.

चालवणाऱ्याच्या काचेत आभाळ होतं, तोंड दिसलं नाही. त्याने डावा हात खाली सोडला आणि दोन बोटं दाखवली, सहज, सवयीने. त्याच्या मागे एक बाई जरा मागे रेलून ऐसपैस बसली होती. तिच्या हेल्मेटची काच वर होती. ती हसत होती. तिनेही हात खाली सोडून सीटवाल्याला दोन बोटं दाखवली. ओळख दाखवली नाही. रस्त्यात भेटलेल्या कोणाही परक्याला करतात तसा तो नमस्कार होता, मोकळा आणि मनापासून. मग गाडी निघून गेली आणि एकच टकटक उरली.

तिचं तोंड त्याने पाहिलं होतं. त्यात शंकेला जागा नव्हती.

आणि त्याच्या मागचा वारा बदलला नव्हता. नमस्काराला हात बाहेर निघालाच नाही. दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती होते तिथेच होते, घट्ट.

त्याने आरशात पाहिलं नाही. घाटभर पाहिलं नाही. वळणावर बायको नेहमी डावीकडे जरा जास्त कलायची आणि गाडी सावरून घ्यावी लागायची. आज सावरावं लागलं नाही. गाडी त्याच्या मनासारखी वळत होती.

घाटाखाली पेट्रोलपंप होता. तो थांबला. ती उतरली आणि हेल्मेट न काढता नळाकडे गेली. पंपवाल्याने पाईप लावला. सीटवाल्याने हातमोजा काढला, हात मागे नेला आणि मागच्या सीटवर तळवा ठेवून दाबलं. काल जे केलं नव्हतं ते केलं. फोम कोरा होता. खळगा नव्हता, ऊबही नव्हती. कापून नुकता बसवलेला असावा तसा तो त्याच्या तळव्याला टणक लागला.

ती परत आली आणि त्याच्याजवळ उभी राहिली. काच खालीच होती. काच वर कर, एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते ओठांवर आलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं.

"पुढच्या वर्षी शनिवारीच जाऊ," तो म्हणाला. "रॅलीतच. तू म्हणशील तितके दिवस राहू. लोकांचे केस काप, हवं ते कर. मी रांग लावून देईन."

काचेआडून आवाज आला. आवाज तिचाच होता.

"कशाला? नुसती गर्दी असते."

मग ती मागे बसली, पुढे सरकली, आणि तिने दोन्ही हातांनी त्याला कमरेभोवती घट्ट धरलं. त्याला हवं होतं तसंच.